बडोद्याची काळी चार

"काळी चार द्या," मी म्हटलं.

मास्तरांनी मान वर केली नाही. बडोद्याच्या मंडळाने आणून दिलेल्या ऑर्गनवरून ते फडकं फिरवत होते. पुसून झालेल्याच पट्ट्या पुन्हा पुसत होते.

"मास्तर, ऐकू आलं का?"

"आलं. पण बाई, आजच्या दिवस आपण काळी तीन घेऊ या."

थिएटर रिकामं होतं. खाली स्टेजपुढच्या खड्ड्यात माझा मुलगा जयवंत तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडी मारत बसला होता. विंगेत माझी सून शालन केसांत पिना खोचत होती. दोघांचेही हात थांबले.

"का म्हणून?"

"ऑर्गन परका आहे. हवा दमट आहे. त्यात रात्रभर गाडीत बसून आलोय..."

"हवा दमट असेल ती तुमच्या गुडघ्यांना. माझ्या गळ्याला नाही. आणि गाडीत बसून तुम्ही आलात. मी वळकटीवर झोपून आले. घोरत होते म्हणे, विचारा जयवंताला."

जयवंत हसला नाही. एरवी हसला असता.

आता हे काळी चार म्हणजे काय, ते सांगायला हवं. ऑर्गनवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. त्यातली चौथी काळी दाबून जो सूर निघतो, तो आपला षड्ज धरून गायचं. बाईमाणसाला उंच पट्टी. भल्याभल्या बायका तिशीतच खाली उतरतात. मी चोपन्न वर्षांची झाले तरी उतरले नव्हते. आम्हाला बोलावणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी गुप्ते म्हणून होते, त्यांनी हँडबिलावर छापलंच होतं: 'द्वारकाबाई बेडगकर. तोच गळा, तीच काळी चार.' आमच्या नाटक कंपनीच्या नावापेक्षा हे अक्षर मोठं.

आणि मास्तर म्हणजे त्र्यंबकमास्तर, आमचे ऑर्गनवाले. नाटक स्टेजवर आम्ही करायचो, पण चालवायचे ते. ते मान हलवतील तेव्हा तबला सुरू, ते बोट उचलतील तेव्हा सारंगी बंद. मालकांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या वेळेपासूनचा माणूस. कमी बोलायचे. बोललेच तर हवामानावर.

"मास्तर," मी म्हटलं, "कंपनीतल्या सगळ्या बायका काळी चारमध्ये गातात. मी गाते, सखी गाते, मागे उभ्या राहणाऱ्या दासीसुद्धा गातात. हा नियम मी घातलाय. आज मोडला तर उद्या कोणी सांगेल, मला पांढरी एक द्या, मी झोपून गाते."

"एका दिवसाचं तर आहे. आपल्या ऑर्गनचा भाता उद्यापर्यंत वाळेल."

आमचा ऑर्गन स्टेजच्या कोपऱ्यात पाठ उघडी टाकून उभा होता. उंदरांनी भात्याचं कातडं कुरतडलं होतं. मास्तरांनी त्यावर नवं कातडं डकवलं होतं आणि सरस ओला होता. म्हणून तर ही परकी पेटी आणावी लागली.

"काळी चार," मी म्हटलं आणि वळले. खेळाच्या दिवशी मी तालमीला तोंड उघडत नसे. गळा राखून ठेवायचा असतो.

विंगेतून जाताना शालनकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. खाली बघायची तिला सवयच नव्हती.

"काय गं? तुला काही म्हणायचंय?"

"नाही."

"मग पिना तोंडातून काढ. गिळशील."

शालनचं आणि माझं असं होतं. लग्न होऊन आली तेव्हा गाणारी म्हणूनच आणली होती. पण तिचा आवाज मला कधी आवडला नाही. घोगरा, दबलेला, विहिरीतून कोणी हाक मारावी तसा. तिने एकदा सुरुवातीला विचारलं होतं, "आत्याबाई, मला काळी पाच द्याल का?" मी म्हटलं, "सासूच्या डोक्यावर बसायचंय का? आधी काळी चारमध्ये बाहेर ये विहिरीतून." तेव्हापासून तिने काही मागितलं नाही. नाटकात मी राजकन्या कनकलेखा, ती माझी सखी. कनकलेखेची सगळी पदं तिने पाठ केली होती, हे मला ठाऊक होतं. सगळ्या कंपनीसमोर मी तिला सांगूनही टाकलं होतं, की ज्या दिवशी मला काळी चार लागणार नाही त्या दिवशी मुकुट तुझा. तोवर माझ्या मागे उभी राहून परडी धरायची.

खेळ दुपारचा, साडेतीनचा. थिएटर भरलं. पुढच्या रांगेत पांढऱ्या टोप्या, बडोद्याची जुनी जाणती माणसं. माझ्या ऐन उमेदीत याच शहरात त्यांनी मला एकेका पदाला तीन-तीनदा वन्स मोअर दिला होता. त्यातले निम्मे मेले असतील. उरलेले आले होते बघायला, की ही अजून तशीच आहे का.

नांदी झाली, पडदा गेला. माझं पहिलं पद. माझी एक सवय होती. तोंड उघडायच्या आधी मी खड्ड्यात मास्तरांच्या बोटाकडे बघायची. बोट चौथ्या काळीवर दिसलं की सुरुवात. त्या दिवशी बघितलं. बोट तिथेच होतं. मास्तर मात्र माझ्याकडे बघत नव्हते.

गायले. पण काय सांगू, पहिल्याच ओळीला कळलं की काहीतरी जड आहे. रोजची ओळ, रोजची जागा, आणि रोजच्या दुप्पट दम लागतोय. जिथे नुसतं बोट टेकवून पुढे जायची, तिथे दोन्ही हातांनी लोंबकळावं लागत होतं. मनात म्हटलं, वय झालं गं बाई. एका रात्रीत झालं? मग म्हटलं, गाडी. मग म्हटलं, सकाळचं दही. पद कसंबसं पार पाडलं. टाळ्या पडल्या, पण त्या जुन्या ओळखीच्या टाळ्या. वन्स मोअर नाही.

मग सखीचं पद आलं. मी विंगेत पाणी पीत उभी होते, आणि माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

कोण गातंय हे?

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोकळा, टणटणीत, घासलेल्या पितळेसारखा. वर जाताना हसत जात होता. मी विंगेच्या कडेला आले. स्टेजवर शालनच होती. तेच पातळ, तीच परडी. थिएटर एका दमात ओरडलं, "वन्स मोअर!"

मला पहिल्यांदा वाटलं, दगा आहे. मास्तरांनी हिला तिची पट्टी दिली. वाकून खड्ड्यात बघितलं. बोट चौथ्या काळीवर होतं. माझीच काळी चार. माझ्या पट्टीत ती तसं गात होती, आणि माझ्या पट्टीत मी लोंबकळत होते.

ती विंगेत आली तेव्हा घामाने निथळली होती. मी म्हटलं, "फार हात हलवतेस. सखी आहेस, पोलीस नाहीस."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या अंकात वनातलं पद. कनकलेखा वनात उभी राहून गाते, आणि सखी बाजूला बसून फुलं वेचत असते. त्या पदासाठी लोक तिकीट काढायचे. त्यात शेवटी वरच्या गंधारावर जाऊन थांबायचं असतं, आणि थांबून मग सावकाश उतरायचं.

मास्तरांनी सूर दिला. देताना पहिल्यांदाच वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. मला राग आला. हे माझी कीव करताहेत, असं वाटलं. मी हट्टाने रोजच्यापेक्षा जोरात सुरू केलं.

वर गेले आणि आवाज फाटला. कोरं कापड टर्रकन फाडावं तसा. पुढे नुसती हवा आली.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी शीळ घातली असती तर मी तिथल्या तिथे त्याचा बाप काढला असता. पण बडोद्याची माणसं सभ्य. कोणी खोकलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खाली बघितलं आणि टोपी नीट केली. त्याची लाज माझ्या अंगावर येऊन पडली.

मास्तरांनी ऑर्गनवर तीच ओळ वाजवून जागा भरायला घेतली. आणि शालन उठली. परडी खाली ठेवली, माझ्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला आणि जिथे माझी ओळ तुटली होती तिथून तिने ती उचलली. गंधारावर गेली. थांबली. सावकाश उतरली.

लोकांना वाटलं, नाटक असंच आहे. राजकन्येचा गळा दाटून येतो आणि सखी तिचं गाणं पुरं करते. थिएटर उठून उभं राहिलं. वन्स मोअर झाला, परत झाला. मास्तरांनी परवानगीसाठी माझ्याकडे बघितलंच नाही. मी मध्ये उभी, खांद्यावर तिचा हात. तो झटकावासा वाटत होता. झटकला असता तर मी पडले असते.

उरलेलं नाटक मी बोलून काढलं. पदं आली तिथे दोन ओळी पुटपुटून पुढे गेले. गुप्ते खेळ संपल्यावर आत आले. म्हणाले, "बाई, काय ती कल्पना! सखीने पद पुरं करायचं! डोळ्यांत पाणी आलं."

"येणारच," मी म्हटलं. "धूळ फार आहे तुमच्या थिएटरात."

त्या रात्री मी जेवले नाही. कोणी आग्रहही केला नाही.

सकाळी उठून मी स्टेजवर गेले. थिएटरच्या मागेच आमचं बिऱ्हाड होतं. दोन्ही ऑर्गन शेजारी शेजारी ठेवले होते. आमच्या ऑर्गनचा भाता वाळला होता. मला आपलं बघायचं होतं, गळ्यात काही उरलंय का. आमच्या ऑर्गनपुढे बसले, पायांनी भाता हलवला, चौथी काळी दाबली आणि वनातलं पद हलकेच म्हणायला घेतलं. वरच्या गंधारावर गेले. लागला. अगदी रोजच्यासारखा लागला.

अंगात जीव आला. म्हटलं, म्हणजे दहीच होतं. उठले, आणि उठता उठता, कशी कोण जाणे, शेजारच्या ऑर्गनचा भाता दाबून त्याचीही चौथी काळी दाबली.

परत आमची दाबली. परत त्यांची.

मला लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण माझ्या कानांना कोणी शिकवावं लागलं नाही. आमची काळी चार त्यांच्या काळी चारपेक्षा खाली होती. थोडीथोडकी नाही. त्यांची काळी तीन दाबून बघितली. आमचा चार नंबर तिथे जाऊन बसला, तंतोतंत.

"त्यांचा ऑर्गन बरोबर आहे," मागून मास्तर म्हणाले.

ते केव्हा आले मला कळलं नव्हतं. धोतराचा सोगा हातात धरून उभे होते.

"आणि आपला?"

"आपला उतरलाय."

"आपोआप?"

मास्तर स्टेजवरच मांडी घालून बसले. त्यांना बसायला वेळ लागायचा.

"मालक गेले त्या साली तुमचा गळा बसला होता," ते म्हणाले. "आठवतं? तरी तुम्ही काळी चारच मागायचात. मी दुसरीकडे बोट ठेवलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं. तुम्ही बोटाकडे बघायचात. आत पितळेच्या पत्त्या असतात, त्या मुळाशी घासल्या की सूर खाली येतो. म्हटलं महिनाभराचा प्रश्न आहे. सगळ्या पत्त्या जराजरा घासल्या."

"आणि महिन्याने?"

"महिन्याने तुम्ही अजून दमलेल्या होतात. पुढच्या पावसाळ्यात परत घासल्या. मग त्याच्या पुढच्या."

दर पावसाळ्यात सांगलीला कंपनी बसायची तेव्हा मास्तर ऑर्गन उघडून दिवसच्या दिवस काही करत बसलेले मी बघितले होते. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमचे मास्तर ऑर्गनला लेकरासारखं जपतात.

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर मला काढून टाकलं असतंत."

"टाकलंच असतं."

"मग?" ते म्हणाले. "मी कुठे गेलो असतो या गुडघ्यांनी?"

खाली झाडूवाला खुर्च्या सरकवत होता.

"आता परत वर न्या पत्त्या," मी म्हटलं.

"जमणार नाही. वर न्यायला टोकाला घासायला लागतं. घासून घासून कागद झाल्यात त्या. हात लावला तर तुटतील." त्यांनी ऑर्गनच्या लाकडावर तळवा ठेवला. "चांगला ऑर्गन होता, बाई. आणि माझे कान काही मेले नव्हते. रोज संध्याकाळी खोट्या सुरावर बसायचो. कालच्या दिवस खरा सूर ऐकला आणि ... तुमचं तसं झालं. पण खोटं कशाला बोलू, मला विसावा मिळाला."

माझ्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. त्या तिथेच राहिल्या. मला एकदम फार थकवा आला. इतक्या वर्षांचा, एकदम.

"कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"जयवंताला. तबला त्यालाच उतरवून लावायला लागायचा ना."

"आणि तिला?"

मास्तर जरा घुटमळले. "तिला सगळ्यांच्या आधी. लग्न होऊन आली, पहिली तालीम. तुम्ही काळी चार म्हणालात, मी सूर दिला, आणि तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. तेवढंच."

शालन चहा घेऊन आली तेव्हा मी अजून दोन ऑर्गनच्या मध्ये बसले होते. तिने कप खाली ठेवला, दोन्ही उघड्या ऑर्गनांकडे बघितलं आणि समजून गेली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"आठ वर्षं."

"हो."

"बोलली का नाहीस? दया आली माझी?"

"दया?" तिने असं बघितलं की जणू मी तिला चोर म्हटलं. "तुमची? तुम्ही मला चारचौघांत विहिरीतली म्हणायचात. पाहुण्यांसमोर म्हणायचात, माझ्या आईसमोर म्हणायचात. आणि मी मनात म्हणायचे, म्हणा. विहीर कुणासाठी खणलीय ते मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. तेवढ्यावर आठ वर्षं काढली मी. सांगून टाकलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अगं पोरी..."

"थांबा मास्तर," मी म्हटलं. "बोलू द्या. मग काल ओळ का उचललीस? मला पडू द्यायचं होतंस. ती तर तुझी मजा होती."

ती चिडूनच म्हणाली, "ती ओळ तशी तुटकी लोंबकळत ठेवायची? मला नाही ऐकवत. तुमच्यासाठी नाही केलं काही. गाण्यासाठी केलं."

मला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून. कितीतरी दिवसांनी मी तशी हसले. मास्तर घाबरून बघायला लागले. इतकी वर्षं मी समजत होते, मुलाने घरात मुकी गाय आणलीय. आणि ही तर माझ्यासारखीच निघाली.

"आज खेळ आहे," मास्तर जपून म्हणाले. "कुठला ऑर्गन घ्यायचा?"

"खरा," मी म्हटलं. "आणि पट्टी हिला विचारा. गाणार ही आहे."

शालन पाया पडायला वाकली नाही, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. फक्त माझा चहा गार झाला होता तो उचलला आणि दुसरा करून आणायला गेली.

दुपारी तिचे केस मी घातले, मुकुट मी बसवला. सखीचं काम मागे उभ्या राहणाऱ्या दासींपैकी एकीला दिलं. गुप्त्यांनी बाहेर माझ्या नावाचा फलक काढून दुसऱ्या फलकावर मोठ्या अक्षरांत 'आवाज बसल्यामुळे' असं लिहिलं. मी तो फलक स्वतः जाऊन उचलला आणि म्हटलं, "आवाज बसलेला नाही. मी बसलेय. तसं लिहा." त्यांनी नुसतं शालनचं नाव लिहिलं.

पडदा जायच्या आधी मी विंगेत कपड्यांच्या पेटीवर बसले. नांदी ऐकली. राजकन्येचा प्रवेश ऐकला. सुरावटीची पहिली ओळ सुरू झाली, तेव्हा सवयीने मी मास्तरांचं बोट बघायला मान वळवली, आणि मग लक्षात आलं की ही ओळ मला म्हणायची नाहीये. पुढचीही नाही. त्याच्या पुढचीही नाही.

कोणीतरी खांदा हलवला तेव्हा मी भिंतीला टेकले होते. समोर शालन उभी होती. रंग गळ्यापर्यंत ओघळला होता. डोळे नुसते चमकत होते. मागे पडदा पडला होता आणि पलीकडे अजून टाळ्या चालू होत्या.

"आत्याबाई. झालं नाटक."

"झालं?" मी डोळे पुसले. "सगळं?"

"वनातलं पद चार वेळा घेतलं लोकांनी. कसं झालं?"

"मला काय माहीत? मी झोपले होते."

तिचं तोंड पडलं. कालपासून पहिल्यांदा ती मला लहान दिसली.

"झोपला होतात? सबंध? आठ वर्षं मी तुम्हाला ऐकवायचं म्हणून थांबलेय, आणि तुम्ही इथे पेटीवर..."

"लागली झोप. मी काय करू?"

"एकसुद्धा पद नाही ऐकलंत?"

"आज नाही ऐकलं तर उद्या ऐकीन," मी म्हटलं आणि उठायला तिचा हात मागितला. "एवढी काय घाई आहे? आता तुला रोजच गायचंय."